वाचनाची वही

मुलांनो, पस्तीस वर्षे शाळेत शिकविल्यानंतर मी सेवानिवृत्त झालो, त्या दिवशी शाळेने मला निरोप दिला. भाषणे झाली, हारतुरे झाले. शेवटी चार शब्द बोलावयास मी उभा राहिलो आणि सवयीप्रमाणे म्हणालो, “मुलांनो, वाचत जा. वाचनाने माणूस मोठा होतो.” टाळ्या वाजल्या. कार्यक्रम संपल्यावर सहावीतील एक मुलगी माझ्याजवळ आली आणि तिने अगदी सरळपणे विचारले, “गुरुजी, आपण गेल्या वर्षी कोणकोणती पुस्तके वाचली?”

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. परंतु एकाही पुस्तकाचे नाव ओठांवर येईना. परिपत्रके वाचली होती, पाठ्यपुस्तके वाचली होती, मुलांच्या उत्तरपत्रिका तर ढिगांनी वाचल्या होत्या. पण ज्याला पुस्तक वाचणे म्हणावे, ते मी कित्येक वर्षांत केले नव्हते. “सांगेन हं पुढे कधीतरी,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. ती मुलगी निघून गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

त्यानंतरच्या गुढीपाडव्याला मी एक कोरी वही आणली. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यास एक पान नेमून दिले. प्रत्येक पानावर तीन रकाने आखले : काय वाचले, काय मिळाले आणि काय कळले नाही.

त्याच दिवशी जुन्या पुस्तकांची ट्रंक उघडली. वरची पुस्तके काढता काढता तळाशी एक लहानसे पुस्तक हाती लागले. ते भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ मालिकेतील होते. आतल्या पानावर एका गावच्या वाचनालयाचा शिक्का होता. तो पाहताच मला सारे आठवले.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वर्गात समास शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा मांडीवर पुस्तक ठेवून वाचण्यात गढून गेला होता. मी पुस्तक हिसकावून घेतले आणि म्हणालो, “वडिलांना घेऊन ये, मगच पुस्तक मिळेल.” त्याचे वडील ऊसतोडीसाठी दूर गेले होते. ते येणार कोठून? तो मुलगा काही बोलला नाही. पुढे माझी बदली झाली आणि ते पुस्तक माझ्या सामानाबरोबर गावोगाव फिरत राहिले. मी ते मुद्दाम ठेवून घेतले नव्हते, हे खरे. पण परत दिले नव्हते, हेही तितकेच खरे.

मी ते पुस्तक पुन्हा ट्रंकेत ठेवले. ‘हे शेवटी वाचू,’ असे मनाशी म्हटले. खरे सांगायचे तर ते उघडण्याचे धैर्य मला झाले नाही.

चैत्र. या महिन्यात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंत्या बहुधा येतात. म्हणून आरंभ एका लहानशा निबंधाने केला. तो मुक्ता साळवे या मुलीने लिहिला आहे. ती जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकली. तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती तुमच्याहून फार मोठी नव्हती. अस्पृश्य मानलेल्या आपल्या माणसांची दुःखे तिने त्यात निर्भयपणे मांडली आहेत. निबंध वाचावयास अर्धा तासही लागला नाही. पण मन महिनाभर त्याच्यापाशीच घोटाळत राहिले. मी आयुष्यभर मुलांना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘माझा आवडता सण’ असेच विषय दिले. ‘तुला काय सलते ते लिही,’ असे कोणालाही सांगितले नाही. वहीत लिहिले : ‘निबंध म्हणजे पाने भरणे नव्हे.’

वैशाख. बाहेर ऊन रणरणत होते. अशा वेळी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचली. ही कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली. माणदेशातील धनगरांच्या एका लहानशा वाडीत एक तरुण मास्तर येतो. शाळा जवळजवळ बंद पडलेली असते. मास्तर हळूहळू लोकांच्या सुखदुःखांत मिसळतो. सारी वाडी राबून तालीम उभी करते. पुढे दुष्काळ पडतो आणि माणसे मेंढरे घेऊन गाव सोडून जातात. आपणही एका खेड्यात प्रथम रुजू झालो होतो, हे आठवून मी वाचता वाचता थांबलो. त्या मास्तराने आधी गाव समजून घेतले व मग मुलांना शिकविले. मी आधी हजेरीपट उघडला होता.

ज्येष्ठ. पेरणीचे दिवस आले आणि बहिणाबाई चौधरींच्या कविता हाती घेतल्या. त्यांचा जन्म 1880 साली जळगावजवळील असोदे या गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आणखी एक आप्त यांनी ती गाणी उतरून ठेवली. बहिणाबाई 1951 साली वारल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा कवितासंग्रह निघाला आणि महाराष्ट्र थक्क झाला. अक्षरओळख नसतानाही एवढे शहाणपण असू शकते, हे या पुस्तकाने मला शिकविले. पण त्याचबरोबर दुसरीही गोष्ट लक्षात आली. ती गाणी कोणी लिहूनच ठेवली नसती, तर आज आपल्यापर्यंत कशी पोहोचली असती?

आषाढ. पालख्या पंढरीच्या वाटेला लागल्या. मी तुकाराममहाराजांची गाथा उघडली आणि एका महिन्यात ती संपविण्याचा निश्चय केला. गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. पहिले दोन दिवस मी पन्नास-पन्नास अभंग वाचले. तिसऱ्या दिवशी ध्यानात आले, की डोळे ओळींवरून धावत आहेत आणि मनात काहीच उतरत नाही. आमच्या शेजारच्या आजी दर वर्षी वारीला जातात. त्यांना मी ही अडचण सांगितली. त्या हसून म्हणाल्या, “गुरुजी, येवढी घाई कशापायी? मी तर एक अभंग घेते नि दिवसभर चालते.” तेव्हापासून मी रोज एकच अभंग वाचू लागलो. वहीच्या त्या पानावर ‘अपूर्ण’ असा शेरा आहे. पण तो लिहिताना मला लाज वाटली नाही.

श्रावण. पावसाने रान हिरवे केले होते. मारुती चितमपल्ली यांचे ‘रानवाटा’ वाचले. चितमपल्ली (1932–2025) हे मूळचे सोलापूरचे. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी अरण्य पायांखाली घातले. पशुपक्षी, झाडे आणि आदिवासींची बोली यांचा अभ्यास केला. त्यांनी मराठीला कितीतरी नवे शब्द दिले. कावळ्यांची पुष्कळ घरटी जेथे एकत्र असतात, त्या जागेस त्यांनी ‘काकागार’ म्हटले. बगळ्यांच्या अशाच वसाहतीस ‘सारंगागार’ म्हटले. पुस्तक मिटून मी गावाबाहेरच्या विहिरीकडे गेलो. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. त्या वाटेने मी वर्षानुवर्षे येत-जात होतो; पण ते खोपे मी आजवर कधी मोजले नव्हते. त्या दिवशी मोजले. अकरा भरले.

भाद्रपद. या महिन्यात माझ्या डोळ्यांतील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस वाचन बंद. मी हिरमुसलो. तेव्हा माझी नात म्हणाली, “आजोबा, मी वाचून दाखवते.” तिने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावयास घेतली. हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे लग्न अकराव्या वर्षी, म्हणजे तुमच्याच वयात झाले. लग्नानंतर त्या पतीकडून, कवी नारायण वामन टिळकांकडून लिहावयास-वाचावयास शिकल्या. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाचे वर्णन वाचताना माझी नात एवढी हसली, की तिला पुढे वाचवेना. मध्येच ती एखाद्या शब्दाला अडखळे आणि अर्थ विचारी. मी सांगू लागलो, की तो शब्द मलाही नव्याने कळे. आजवर मी मुलांकडून पाठ वाचून घेत असे तो चुका काढण्यासाठी. मुलांचे वाचन नुसते ऐकण्यातील आनंद मला या महिन्यात प्रथमच लाभला. मात्र पहिलाच भाग पूर्ण झाला. शेरा : ‘अपूर्ण’.

आश्विन. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, आपल्या राज्यात 2015 पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने त्यांचे आत्मचरित्र ‘अग्निपंख’ वाचले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरम स्थानकावर गाडी थांबेनाशी झाली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली फेकले जात. ते गोळा करण्याच्या कामात लहानग्या कलामांनी आपल्या नातलगास मदत केली आणि आयुष्यातील पहिली कमाई केली. पुढे अग्निबाण घडविणाऱ्या या शास्त्रज्ञाची पहिली कमाई छापील कागदाच्या गठ्ठ्यांतून आली, याचे मला मोठे कौतुक वाटले. पुस्तकातील तांत्रिक भाग मात्र मला नीटसा उमगला नाही. तिसऱ्या रकान्यात तसे प्रामाणिकपणे लिहिले.

कार्तिक. दिवाळी आणि दिवाळी अंक यांचे नाते मराठी माणसाला सांगावयास नको. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा सुरू झाली. मी उत्साहाने पाच अंक विकत आणले. त्यांपैकी दोनच वाचून झाले. फराळाच्या ताटात वाढून घेतले जास्त आणि खाल्ले कमी, अशी गत झाली. पुन्हा ‘अपूर्ण’!

मार्गशीर्ष. या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र मृगशीर्ष नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. आकाश स्वच्छ होते. डॉ. जयंत नारळीकर (1938–2025) यांचे आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’ वाचले. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे होत. या थोर शास्त्रज्ञाविषयीची एक गोष्ट तुम्हांला आवडेल. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी 1974 साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. पण ती स्वतःच्या नावाने पाठविली नाही. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले! आपल्या नावाच्या वजनाने नव्हे, तर कथेच्या गुणाने बक्षीस मिळावे, ही त्यांची इच्छा किती मोलाची होती! त्या रात्री नातीला घेऊन मी गच्चीवर गेलो आणि आम्ही दोघांनी मृग नक्षत्र शोधून काढले.

पौष. साने गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा. त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मी ते प्रथम अकराव्या वर्षी वाचले होते. तेव्हा श्यामला मार बसला की मला रडू येई. या वेळी डोळ्यांसमोर त्याचे आईवडील उभे राहिले. कर्जाने वाकलेले वडील आणि अभाव झाकून घर चालविणारी आई ही लहानपणी मला दिसलीच नव्हती. पुस्तक तेच होते. वाचणारा बदलला होता. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला, मनालाही घाण लागू नये म्हणून असाच जप, असे त्याची आई सांगते. तो प्रसंग वाचताना माझे लक्ष कोपऱ्यातील ट्रंकेकडे गेले. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

माघ. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ वाचले. रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे हे गरीब भिक्षुक 1857 साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि त्या वर्षीच्या महान उठावात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली, तेव्हा ते झाशीतच होते. वाटेत ते लुटले गेले. पुष्कळदा जिवावरचे प्रसंग आले. तरीही आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड खांद्यावरून वाहून त्यांनी ती घरी पोहोचविली. ही हकिकत त्यांनी 1883 साली लिहिली आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी ती 1907 साली प्रसिद्ध केली. पुस्तक मिटले आणि माझ्या मनात आले : या माणसाने लुटारू आणि लढाया यांमधून शेकडो कोस कावड वाहून नेली. मी एका मुलाचे चार बोटे रुंदीचे पुस्तक परत करू शकलो नाही!

फाल्गुन. अखेर मी ती ट्रंक उघडली आणि ‘फास्टर फेणे’ वाचावयास बसलो. फुरसुंगीचा हा किडकिडीत, चपळ बनेश फेणे सायकलीवरून सुसाट सुटतो, संकटांत उडी घेतो आणि ‘टॉक’ असा आवाज काढून वाचकाला आपल्यामागे ओढून नेतो. मी वाचू लागलो आणि घटकाभर माझे वय विसरलो. पुस्तकाच्या मध्यावर आलो, तो एका पानाचा कोपरा दुमडलेला दिसला. प्रसंग ऐन रंगात होता. माझ्या छातीत धस्स झाले. तो मुलगा येथवर आला होता आणि येथेच मी त्याच्या हातातून पुस्तक ओढून घेतले होते! तीस वर्षे तो या पानावर अडून राहिला होता. मी पुढचे सारे वाचले; पण तो कोपरा सरळ केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एस. टी. ने त्या गावी गेलो. प्रथम वाचनालयात जाऊन झाला प्रकार सांगितला. जुन्या नोंदवह्या आता राहिल्या नव्हत्या. मी त्याच पुस्तकाच्या दोन नव्या प्रती वाचनालयास दिल्या आणि जुनी प्रत मूळ वाचकाला देण्याची परवानगी मागितली. ग्रंथपालांनी ती आनंदाने दिली.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ झाला आहे. गावात त्याची पिठाची गिरणी आहे. मला पाहताच त्याने गिरणी बंद केली आणि तो पाया पडू लागला. मी त्याला थांबविले. “अरे, मी तुझे पुस्तक परत करावयास आलो आहे,” असे म्हणून ते पुढे केले. तो क्षणभर पाहतच राहिला. मग त्याने पिठाने माखलेले हात पंचाला पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि दोन्ही हातांनी पुस्तक घेतले.

“माझे चुकले,” मी म्हणालो. “तू माझ्यावर रागावला असशील.”

“राग न्हाई, गुरुजी,” तो म्हणाला. “वाचनालयात दहा रुपये अनामत होती, ती बुडाली. आई लई बोलली. पर त्याचं काई न्हाई. मग वाचनालयाची पायरी चढायला तोंड ऱ्हायलं न्हाई. त्यानंतर पुस्तक काई हातात आलं न्हाई.”

मला काय बोलावे ते सुचेना. मी पस्तीस वर्षांत शेकडो मुलांना वाचावयास शिकविले, असा मला अभिमान होता. या एका मुलाचे वाचन मी थांबविले होते, याची नोंद मात्र कोठेच नव्हती.

त्याने पुस्तक चाळले. दुमडलेला कोपरा दिसताच त्याचा चेहरा एकदम बदलला. “हितंच व्हतो मी!” तो म्हणाला. “गुरुजी, म्होरं काय झालं?”

“ते मी सांगणार नाही,” मी म्हणालो. “तूच वाच.”

सातवीत शिकणारी त्याची मुलगी दारात उभी राहून हे सारे ऐकत होती. मी निघालो, तेव्हा बापलेक गिरणीच्या ओट्यावर बसले होते. मुलगी मोठ्याने वाचत होती आणि बाप ऐकत होता. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन खोळंबल्या होत्या. पण कोणी घाई करीत नव्हते.

घरी येऊन मी वहीचे शेवटचे पान भरले. बारा पानांपैकी तीन पानांवर ‘अपूर्ण’ असा शेरा आहे. फाल्गुनाच्या पानावर पहिल्या रकान्यात पुस्तकाचे नाव आहे. ‘काय मिळाले’ या रकान्यात लिहिले आहे : ‘क्षमा.’ तिसऱ्या रकान्यात, ‘काय कळले नाही’ येथे, मी लिहिले : ‘हे करावयास मला तीस वर्षे का लागली?’

मुलांनो, ज्या मुलीने मला निरोपाच्या दिवशी प्रश्न विचारला, तिला मी ही वही दाखविली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, “गुरुजी, मीही अशी वही करीन.” तुम्हीही करून पाहा. महिन्याला एक पान पुरे. किती पुस्तके वाचली, याची बेरीज करू नका. जे कळले नाही, तेही लिहा. कारण पुढच्या वाचनाची वाट पुष्कळदा तेथूनच फुटते. आणि दुसऱ्या कोणाचे पुस्तक तुमच्याकडे राहिले असेल, तर ते आजच परत करा. कोणीतरी त्यातील दुमडलेल्या पानावर वाट पाहत असेल.

स्वाध्याय

1. निरोपाच्या दिवशी मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखकास का देता आले नाही?
2. ‘पुस्तक तेच होते, वाचणारा बदलला होता.’ लेखकाने असे का म्हटले आहे?
3. आषाढाच्या पानावर ‘अपूर्ण’ असा शेरा लिहिताना लेखकास लाज का वाटली नाही?
4. ‘माझा प्रवास’ वाचून लेखकाच्या मनात कोणता विचार आला? त्याचा पुढच्या घटनेशी काय संबंध आहे?
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : वेळ मारून नेणे, पायांखाली घालणे, गढून जाणे, तोंड न राहणे.
6. गिरणीवाल्या गृहस्थाची बोली आणि लेखकाची भाषा यांतील फरक दाखविणारी चार उदाहरणे लिहा.
7. तीन रकान्यांची वही आखा व तुम्ही अलीकडे वाचलेल्या एका पुस्तकाची तीत नोंद करा.